खाऱ्या पाण्याची टाकी

ईदला पाहुणे येणार म्हणून आम्ही घाई केली. मुलांच्या हट्टापायी ऐंशी लिटरची टाकी मांडली, आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळलं, वाळू-दगड रचले. पोवळी घेतली नाहीत. आपल्या कायद्यात दगडी पोवळी वाघाच्याच अनुसूचीत आहेत, हे आम्हा शिक्षकांनाही तेव्हाच कळलं!

पाणी नितळ दिसलं म्हणजे झालं, असं वाटलं. पण मासे अमोनिया सोडतात आणि तो पचवणारे जिवाणू दगडांवर वसायला चार-सहा आठवडे लागतात. आमची टाकी दहा दिवसांची होती. सोडलेले दोन्ही क्लाउन मासे ईदच्या सकाळी तळाशी पडलेले. "लोकांना दाखवायला जीव आणलेत होय?" अम्मी एवढंच म्हणाल्या. शीरखुर्मा कुणाच्या घशाखाली उतरेना.

मग दीड महिना रिकाम्या टाकीत चिमूट-चिमूट खाद्य टाकलं, ते कुजून जिवाणू पोसावेत म्हणून. शेजारी हसले. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आले, तेव्हा एकच मासा आणला.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून अम्मी रोज फजरनंतर काचेवरच्या खुणेपर्यंत बिनमिठाचं आरओचं पाणी ओततात. आम्हाला हात लावू देत नाहीत.