दाजींचं हजेरीपत्रक

मंडळी, आजचा विषय लघवी हा आहे. ज्यांना चहा-पोहे घेत वाचायची सवय आहे त्यांनी आधी पोहे संपवावेत. पुण्या-मुंबईच्या नातेवाईकांनी फोन करकरून विचारलं, प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो.

आमच्या बोक्याचं नाव दाजी. सहा वर्षांपूर्वी ऐन आषाढात चिंब भिजून व्हरांड्यात आला. कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना चिंब म्हणजे काय ते सांगायला नको. आला पाहुणा म्हणून, पण मानपान झाल्याशिवाय ताटलीकडे बघेना, म्हणून हिने नाव ठेवलं दाजी. तेव्हापासून जावयाच्या थाटातच राहतोय.

यंदा दिवाळीला मुलगा, सून, नातवंडं आली. घर भरलं, फटाके झाले. दाजी चार दिवस माळ्यावर. गंमत बघा, इथल्या भूकंपाच्या बारीकसारीक धक्क्यांना तो कानसुद्धा हलवत नाही, पण सुतळी बॉम्ब त्याला सोसत नाही. पाहुणे गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तो मोरीत कोपऱ्यात बसलेला दिसला. पाठ वाकवून कुंथायचा, उठायचा, स्वतःला चाटायचा, परत बसायचा. फरशी कोरडी. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, पोट धरलंय त्याचं. चमचाभर एरंडेल पाजा की!"

मी एरंडेल पाजलं नाही, कारण ते बसणं माझ्या ओळखीचं होतं. २०१६ साली प्रोस्टेटमुळे माझी लघवी एका रात्री अडली होती. त्या रात्रीचं वर्णन करत नाही. माझ्या वयाच्या पुरुषांना ते सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून कळणार नाही. नळी घातल्यावर जे सुख झालं ते मात्र शब्दांपलीकडचं!

आमच्याकडचे गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "गुरुजी, म्हैस असती तर आत्ता आलो असतो. एवढी बारीक नळी माझ्याकडे नाही. संध्याकाळची वाट बघू नका, कराड गाठा." दुधाच्या पिशव्यांचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधले, आत दाजी. वडापमध्ये हे प्रकरण कोण घेणार? शेजाऱ्यांची गाडी काढली. कराड साठेक किलोमीटर. पाटण येईपर्यंत ओरडत होता, मल्हारपेठेपासून गप्प झाला. गप्प झाल्यावर जास्त भीती वाटली.

कराडच्या डॉक्टरीणबाई तरुण, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. पोटाला हात लावला आणि लगेच आत घेतलं. नंतर त्यांनी मला नीट समजावलं, ते इथे देतो, कारण बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा लांब आणि टोकाला फार अरुंद. मूत्राशयाला सूज आली की आतला चिकट स्राव आणि खड्यांची भुकटी मिळून तिथे बूच बसतं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदय थांबतं. दोन दिवससुद्धा पुष्कळ झाले. घाबरणं, घरातली गडबड, पाणी कमी पिणं, नुसतं कोरडं खाणं, यांनी हा त्रास उद्भवू शकतो. आमच्याकडे दिवाळीत हे सगळं एकदम जमून आलं होतं. नातवाने पुण्याहून कोरड्या खाद्याची मोठी पिशवीही आणली होती, बिचाऱ्याने प्रेमाने!

भूल देऊन नळी घातली, सलाईन लावलं. दोन रात्री दाजी दवाखान्यात, मी साडूंच्या घरी. बिल किती झालं ते लिहित नाही. गावात आकडा कळला तेव्हा एकजण म्हणाला, "एवढ्यात शेळी आली असती." आली असती, खरं आहे. पण मला शेळी नको होती.

खरं काम घरी आणल्यावर सुरू झालं. पुन्हा बूच बसायची भीती पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काका, किती वेळा केली, किती केली, लिहून ठेवा." सदतीस वर्षं हजेरी घेतलेल्या माणसाला आणखी काय हवं! शंभर पानी वही काढली, रकाने आखले: वेळ, मोठी की लहान, रंग, शेरा. पसरट घमेल्यात कोरडी वाळू, म्हणजे ओला गोळा किती झाला ते दिसतं. पहिल्या पानावरची नोंद: "सकाळी ६.१०. लहान. गुलाबी. ओरडला नाही." थोडी थोडी होणं, जरा गुलाबी असणं सुरुवातीला चालेल म्हणाल्या. पण थेंबही न येता कुंथला, ओकला, खाणं सोडलं, तर मध्यरात्र असली तरी निघायचं. आणि माणसाची दुखण्याची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

आता हिचं सांगतो. ही माळकरी. आमच्या घरात चाळीस वर्षांत मांसमच्छी शिजलेली नाही. दाजी शेजारी जाऊन सुकट खाऊन येतो हे आम्हाला माहीत होतं, आम्ही विचारत नव्हतो. डॉक्टरीणबाईंनी सुकट बंद केली. त्यांनी दिलेलं ओलं खाद्य दाजी हुंगून निघून जायचा. मग त्या म्हणाल्या, थोडे दिवस कोंबडीचं उकडलेलं मांस पाण्यासकट द्या, मीठ, कांदा, लसूण न घालता, आणि खाद्य त्यात हळूहळू मिसळा. मी विचारात पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात तीन विटा मांडलेल्या, वर जुनं पातेलं, आणि ही पदर नाकाला लावून ढवळतेय. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अहो, बघताय काय? पांडुरंगाला कळतं सगळं. त्याला बोलवा." ती आंघोळ करून मगच देवघरात गेली, तो भाग वेगळा. पाण्याच्या वाट्या तिनेच घरात चार ठिकाणी ठेवल्या.

तिसऱ्या रात्री परीक्षा झाली. अकरापासून दाजी घमेल्यात चार वेळा जाऊन आला, वाळू कोरडी. वहीत शेवटची नोंद ९.४० ची, "मोठी". एक वाजता धीर करून फोन लावला. बाईंनी उचलला! म्हणाल्या, "मी दाखवलं होतं तसं पोटावर हलका हात ठेवा, दाबू नका. मोसंबीसारखं टणक लागतंय का?" ही कंदील धरावा तसा मोबाइल धरून उभी. मी हात ठेवला. मऊ होतं. "मग ही आतली आग आहे, तुंबलेलं नाही. दर तासाला बघा. टणक लागलं की निघा." गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडून आणून ठेवली आणि दोघं पलंगावर बसून राहिलो. आमच्या पिढीच्या कोयनेकराला पहाटे चारला जाग असतेच, १९६७ च्या ११ डिसेंबरने लावलेली सवय. चार वाजून पाच मिनिटांनी घमेल्यात खसफस झाली. मी चष्मा शोधेपर्यंत ही म्हणाली, "लिहा. मोठी."

आज एकविसावा दिवस. रंग साधा पिवळा, दिवसातून तीन-चार वेळा. ओलं खाद्य आता नुसतंच खातो, विटांची चूल विझली, पण विटा हिने उचललेल्या नाहीत. पुढच्या दिवाळीत मुलांना फटाके खाली मैदानावर न्या म्हणून सांगणार आहे. उद्या पाटणला पेन्शनच्या कामाला जायचंय, तिथून दुसरी वही आणीन. ही म्हणते, आता चाळीस पानी पुरे.