तात्यांना नरक्याची साल दिली नाही



परवा सकाळी शेजारचे तात्या कोयता घेऊनच आले. म्हणाले, "तुझ्या वरच्या पडातल्या नरक्याची साल दे थोडी. कॅन्सरवर चालते म्हणतात, काढा करून देतो." काकूंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, कोल्हापूरला केमो चालू आहे. मी नाही म्हणालो. तात्या काही न बोलता निघून गेले. रात्री मला झोप लागली नाही.

तात्यांनी ऐकलेलं खोटं नव्हतं. नरक्या, काही जण अमृता म्हणतात, हे आपल्या सह्याद्रीतलं झाड. फुलोऱ्याला असा वास की जवळ उभं राहवत नाही. पण त्याच्या सालीत, लाकडात, मुळात कॅम्पटोथेसिन असतं. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते 1966 साली एका चिनी झाडातून वेगळं केलं. 1972 मध्ये ते नरक्यातही सापडलं.

पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं. हे रसायन त्यालाच जखडून टाकतं. भराभर वाढणारी पेशी मरते. पण आतड्याच्या आणि रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशीही भराभर वाढतात, त्याही मरतात. सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि त्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बनली. 1996 मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली.

आता काढ्याचं बघा. मूळ रसायन पाण्यात जेमतेम विरघळतं. काढ्यात किती उतरलं, हे चुलीपुढे बसून कोण मोजणार? उतरलं नाही तर उपयोग नाही. उतरलं तर केमोवर आणखी विष.

काल संध्याकाळी तात्यांकडे गेलो, काकूंची फाईल मागितली. औषधांत इरिनोटेकॅन लिहिलेलं होतं. म्हटलं, "तात्या, नरक्यातलं जे रसायन, त्यापासूनच हे औषध निघालंय. काकूंना ते चालूच आहे, फक्त मोजून." तात्या बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग आत हाक मारली, "सूनबाई, चहा टाक गं."

एक कबुली देतो. आमच्याच वडिलांनी मागे व्यापाऱ्याला नरक्या तोडून दिला होता, जळणाच्या भावात. बुडख्यांना फुटवे आले म्हणून आज चार झाडं दिसतात. भोवतीची साल सोलली तर तीही वाळतील. यंदा फळं जांभळी झाली की बी धरून रोपं करणार आहे.

तुमच्याकडे नरक्या आहे का? कुणी काढ्यासाठी साल मागायला आलं, तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.