गोड्या पाण्याचा दर्या

आमच्या गावाचे नाव दर्यापूर. नावात दर्या आहे. पण गावात दर्या नाही. गावाजवळून चंद्रभागा नदी वाहते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त दिसते. समुद्र तर इथून फार लांब. मात्र समुद्राची एक वस्तू आमच्याकडे भरपूर आहे. ती म्हणजे खारटपणा! पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. धरणाचे पाणी नळाने येऊ लागल्यापासून लोकांचे हाल कमी झाले. तरीही नळ आला नाही, की सगळ्यांना हातपंपाची आठवण होते आणि तोंड वाकडे होते.

मी येथील उर्दू शाळेत मराठी शिकवते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यात आम्ही सहावी-सातवीच्या मुलींची सहल काढायचे ठरवले. ठिकाण निवडले मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण. पालकांची संमती मिळवण्यासाठी मी घरोघरी गेले. सहावीत एक मुलगी होती. वर्गात सर्वांत लहान, म्हणून सगळ्या तिला 'छोटी' म्हणत. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात. ते बराच वेळ कागद हातात धरून बसले. शेवटी म्हणाले, ''आपा, पाण्याची जागा आहे. तुमच्या भरवशावर पाठवतो.''

''भाई, काळजी करू नका. ती माझ्या नजरेसमोर राहील,'' मी म्हणाले.

शब्द देणे किती सोपे असते!

सहलीच्या दिवशी पहाटेच आमची लाल एस.टी. निघाली. बेचाळीस मुली आणि आम्ही तीन शिक्षिका. मी मुलींना एक अट घातली होती, की आज दिवसभर मराठीतच बोलायचे. त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटे गाडीत अगदी शांतता होती. मग हळूहळू मोडकीतोडकी मराठी सुरू झाली आणि हसण्याला ऊत आला. अमरावती मागे पडले. मोर्शी जवळ येऊ लागली, तशी कपाशीची शेते कमी झाली आणि संत्र्यांच्या हिरव्यागार बागा दिसू लागल्या.

सिंभोरा गावाजवळ वर्धा नदीवर हे धरण बांधले आहे. ते १९९३ साली पूर्ण झाले. त्याला तेरा दरवाजे आहेत. अमरावती शहराला पिण्याचे पाणी येथूनच जाते. धरणाच्या जलाशयाला 'नल-दमयंती सागर' असे नाव दिले आहे. महाभारतातील नल-दमयंतीची कथा प्रसिद्ध आहे. त्या कथेतील दमयंती ही आपल्या विदर्भाचीच राजकन्या होती.

आम्ही काठावर पोहोचलो आणि मुली एकदम गप्प झाल्या. समोर जिकडे पाहावे तिकडे पाणीच पाणी! पलीकडचा काठ धूसर दिसत होता. लहान लहान लाटा येऊन काठावरच्या खड्यांवर फुटत होत्या. दूरवर तांबूस रंगाचे चक्रवाक पक्षी पोहत होते. यांतल्या एकाही मुलीने समुद्र पाहिलेला नव्हता. खरे सांगायचे तर तेव्हा मीही पाहिलेला नव्हता.

छोटीने माझा हात ओढला. ''आपा, हा दर्या आहे का?''

मला हसू आले. उर्दूत दरिया म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र. तिने कोणता शब्द वापरला, ते मला कळेना. मी म्हणाले, ''उर्दूत विचारत असशील, तर हो. ही वर्धा नदीच आहे, भिंतीमुळे अडून पसरली आहे. मराठीत विचारत असशील, तर नाही. पण हे पाणी समुद्राच्याच वाटेवर आहे. वर्धा सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. पुढे ती वैनगंगेला मिळते. दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला.''

''म्हणजे हे पाणी आपल्यापेक्षा जास्त फिरते!'' छोटी म्हणाली. सगळ्या हसल्या.

दुपारी डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी आणि वाटेत घेतलेली संत्री. नंतर जोहरच्या नमाजाची वेळ झाली. मुली वजू करायला काठावर गेल्या. वजू करताना चूळ भरावी लागते. छोटीने चूळ भरली आणि ती ओरडली, ''आपा, सागराचे पाणी गोड आहे!''

खाऱ्या पाण्याच्या गावातून आलेल्या मुलींना सागराचे पाणी गोड लागले, याची मला मोठी गंमत वाटली. मी तो विचार करीत पक्ष्यांकडे पाहत उभी राहिले. गाडीतून उतरताना मी मुली मोजल्या होत्या. काठावर मात्र मोजल्या नाहीत. तीच माझी चूक झाली.

''ओ बाई! पोरीले मांगं बोलवा! पुढं एकदम खोल आहे!''

जाळे विणत बसलेले एक मच्छीमार ओरडले. मी वळून पाहिले. छोटीच्या हातातून पाण्याची बाटली निसटली होती आणि ती धरायला छोटी पाण्यात शिरली होती. पाणी तिच्या कमरेपर्यंत आले होते. मराठीची अट मीच विसरले. ''रुको! वहीं रुको!'' मी किंचाळले. मला पोहता येत नव्हते. मी धावले, पण ते मच्छीमार माझ्या आधी पोहोचले. त्यांनी हातातला लांब बांबू पुढे केला. ''बांबूले धर, पोरी! हालू नको!''

छोटीने बांबू घट्ट धरला. त्यांनी तिला हळूहळू ओढून काठावर आणले. माझे पाय थरथरत होते.

''बाई,'' ते शांतपणे म्हणाले, ''धरणाचा काठ नदीसारखा नसते. वरून पाणी सारखं दिसते. पण खाली जुना नाला आहे, उतार आहे. दोन पावलं टाकली, की माणूस गडप.''

मी छोटीला ओढणीत गुंडाळले. रागावणार होते, पण ती रडत म्हणाली, ''आपा, दादीचे माहेर मोर्शीकडचे आहे. लग्न होऊन आली, तेव्हापासून ती म्हणते, आमच्याकडचे पाणी साखरेसारखे होते. तिच्यासाठी पाणी नेत होते.''

आता काय बोलावे? मच्छीमार मामांनी बांबूनेच ती बाटली ओढून आणली आणि भरून छोटीच्या हातात दिली. मी एवढेच म्हणाले, ''घरी गेल्यावर हे पाणी उकळ, गाळ आणि मगच दादीला दे.''

परतीच्या वाटेवर मुली गात होत्या. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न होता. छोटीच्या वडिलांना हे सांगावे की नाही? मुलगी सुखरूप होती. न सांगितले, तर कोणाचे काय बिघडणार होते? आणि सांगितले, तर ते पुन्हा तिला कधीच पाठवणार नाहीत. कदाचित दुसरे पालकही पाठवणार नाहीत. रात्रभर मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. झालेली सगळी हकिकत सांगितली. ''भाई, चूक माझी होती. मी तिच्यावर नजर ठेवायला हवी होती,'' मी म्हणाले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''आपा, छोटीने काल रात्रीच मला सारे सांगितले. तुम्ही सांगता की नाही, याची मी वाट पाहत होतो.''

आत दादी पलंगावर बसल्या होत्या. हातात पितळी पेला होता. उकळून गार केलेल्या त्या पाण्याचा त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला तसाच हातात धरून ठेवला. त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या शाळेत काही नियम झाले. काठावर जाताना दोघी-दोघींच्या जोड्या करायच्या. पाण्यात पाऊल टाकायचे नाही. वजूसाठी पाणी बादलीत आणायचे. मुली दर अर्ध्या तासाने मोजायच्या. तेथील माहीतगार माणसाला आधी विचारायचे, की पाणी कुठे खोल आहे.

पुढच्या वर्षी सहलीचे संमतिपत्रक वाटले. दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी जे पत्रक परत आले, त्यावर छोटीच्या वडिलांची सही होती.