आपलेच पाणी, परका काठ

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे याविषयी आम्हांला आजवर पुष्कळ सल्ले मिळाले. कोणी पारायण सुचवले, कोणी सकाळचे फिरणे, तर कोणी आत्मचरित्र लिहिण्याचा आग्रह धरला. आम्ही मात्र पोरवयात सोडलेला गळ पुन्हा हाती घेतला. घरच्यांनी पहिल्या दिवशी हसून घेतले, दुसऱ्या दिवशी प्रकृतीची काळजी केली आणि तिसऱ्या दिवशी डबा बांधून दिला. पेन्शनरास याहून अधिक राजमान्यता लागत नाही.

आमचे गाव जांबोटी. खानापूर तालुक्यातील या आमच्या मुलखात पावसाळा चार महिने ठाण मांडून बसतो. पश्चिमेला कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि आमच्या बाजूने पूर्वेकडे निघते. हब्बनहट्टीचा मारुती तिच्या पात्रातच बसलेला. पुराच्या दिवसांत देव पाण्याखाली आणि भक्त काठावर. तिथल्याच एका डोहावर मामांनी आम्हांला गळ टाकायला शिकवले. कळकाची काठी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीतली गांडुळे, एवढाच सरंजाम. मामा म्हणत, "पाणी आधी डोळ्यांनी चाखावे, मग गळाने." वळण कोठे आहे, खडक कोठे बुडाला आहे, झाडाची सावली दुपारी कोठे सरकते, हे पाहिल्यावाचून ते दोरी भिजवू देत नसत. त्यामुळे मलप्रभेचे पाणी आम्हांला कळते असा एक समज मनात घर करून राहिला होता.

गेल्या डिसेंबरात त्या समजाची परीक्षा झाली. नोकरीतले आमचे एक जुने स्नेही नवलगुंदकडचे. त्यांचा भाचा इंग्लंडात राहतो आणि तिथल्या कालव्यांवरच्या गळाच्या स्पर्धांत भाग घेतो. तो सुटीवर आला तेव्हा मामा-भाच्यांनी मिळून ठरवले, की आपल्या पाटावर तशीच स्पर्धा घ्यायची. ना फलक, ना पाहुणे, ना नारळ. माणसे सोळा आणि बक्षीस एक टॉवेल. पाटावरच्या अधिकाऱ्यांची परवानगी मात्र स्नेह्यांनी लेखी घेतली होती. खात्यात घालवलेली वर्षे अशी अंगात मुरतात.

नियम भाच्याने समजावले. जागा आपण निवडायची नाही. काठावर क्रमांकाच्या खुंट्या असतात आणि चिठ्ठीत निघेल त्या खुंटीशी बसायचे. शिट्टी झाली की आरंभ, दुसऱ्या शिट्टीला अखेर. धरलेले मासे जाळीच्या लांब पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवायचे, शेवटी सर्वांचे एकत्र वजन करायचे आणि सोडून द्यायचे. तिकडचे कालवे होड्यांतून माल नेण्यासाठी खणलेले. लीड्सपासून लिव्हरपूलपर्यंतचा कालवा १७७० साली सुरू होऊन १८१६ साली पुरा झाला. असे पाणी उथळ आणि बहुतेक ठायीच उभे. म्हणून तिकडचा माणूस प्रथम गळाला वजन बांधून तळ मोजतो. होड्यांची वाट मधोमध खोल असते आणि दोन्ही काठांशी उथळ पायरी असते, ती हुडकून तिच्या कडेला गळ ठेवतो. आपला पाट शेतासाठी खणलेला. त्यामुळे त्यातले पाणी वाहते. हा फरक आम्ही ऐकला खरा, पण मनावर घेतला नाही.

सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला दोन डोंगरांच्या खिंडीत मलप्रभा अडवली आहे. १९७२ साली झालेल्या त्या धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी मावते आणि दोन्ही काठांनी कालवे निघतात. उजव्या कालव्याच्या पाण्यावर नरगुंद-नवलगुंदची काळी रानं अवलंबून. आमच्याकडे डोळ्यांना हिरव्याची सवय. तिथे क्षितिजापर्यंत काळी माती, हरभरा, जोंधळा आणि बांधावरच्या बाभळी. रब्बीची पाळी चालू होती. भरलेल्या पाटाकडे पाहून आम्ही मनाशी म्हटले, हे तर आमच्याच दारावरून आलेले पाणी! चिठ्ठीत नऊ क्रमांक आला.

शिट्टी झाली आणि आम्ही मामांच्या शिकवणीप्रमाणे पाणी चाखू लागलो. पण चाखायचे काय? पाटाला ना डोह, ना खडक. जिकडे पाहावे तिकडे सारख्याच उताराचे काठ आणि सारख्याच वेगाचे पाणी. मुलूख कितीही चढउताराचा असला तरी पाटाने एका मापाने उतरायचे, हे आम्ही नकाशांवर शेकडो वेळा पाहिले होते. त्या मापात मासा कोठे राहतो हे नकाशावर नव्हते. आम्ही मधोमध खोल पाण्यात गळ टाकला; प्रवाहाने तो ओढून काठाच्या गवतात नेला. वजन वाढवले, तर तो गाळात रुतला. तासाभरात आमच्या पिशवीत बोटभर लांबीची एक मासोळी होती.

दहा नंबरच्या खुंटीशी पांढरे धोतर आणि खांद्यावर घोंगडे अशा वेशाचे एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांचा गळ फाट्याच्या लोखंडी दाराच्या कडेला, हातभर जागेत, जणू खुंटीला बांधल्यासारखा स्थिर होता आणि ते एकामागून एक मासा काढीत होते. शेवटी न राहवून आम्ही कन्नडमध्ये विचारले, "यजमान, आमचे काय चुकते?"

ते म्हणाले, "साहेब्र, तुम्ही पाण्यात मासा शोधता. पाटात पाणी सगळीकडे एकच. जिथे पाणी थांबते तिथे मासा शोधा." पुलाच्या खांबामागे, दाराच्या कोपऱ्यात, जिथे पाणी उडी घेते तिच्या खालच्या भोवऱ्याच्या कडेला, धरणातून दारांवाटे आलेला मासा वाहून वाहून दमतो आणि असा आडोसा धरतो. मग त्यांनी काठावरच्या ओल्या रेघेकडे बोट केले. पाणी चार बोटे उतरले होते. "वर कोणीतरी दार फिरवले. आता अर्धा तास मासा तोंड लावणार नाही. तंबाखू खा." आणि तसेच झाले.

त्या अर्ध्या तासात त्यांनी गाव विचारले. जांबोटी म्हणताच ते सरसावून बसले. "म्हणजे होळे जिथे उगवते तिथले? यंदा तिकडे पाऊस कसा झाला?" त्यांचा प्रश्न औपचारिक नव्हता. त्यांचे शेत फाट्याच्या अगदी शेपटाशी. धरण भरले तरी तिथवर पाणी पोचेलच असे नाही. वरच्या शेतांची तहान भागून उरले तर यायचे. आकाशात आमच्या बाजूला ढग दिसले की त्यांच्या घरी दिवा लावत. आम्ही आयुष्यभर ज्या पावसाला कंटाळलो, त्याची हा माणूस दोन जिल्ह्यांपलीकडून वाट पाहत होता.

आम्हांला मग गप्प बसवेना. उमेदीच्या काळात आम्ही अशाच एका तालुक्यात होतो. लाभक्षेत्राच्या याद्या तपासून वर पाठवायच्या होत्या. नकाशावर फाट्याची निळी रेघ जिथवर जाई, तिथवरची शेते 'ओलिताखाली' असे लिहून आम्ही सह्या केल्या. शेपटाच्या शेतांत पाय ठेवला नाही. उन्हाळा होता, जीप बिघडलेली होती आणि मुदत संपत आली होती. कारणे खरी होती. पण सहीखाली कारणे लिहीत नाहीत. वास्तविक १९८० साली याच भागात पाणीपट्टी आणि पाटाच्या लाभावरील आकारणीविरुद्ध शेतकरी उठले होते, २१ जुलैला गोळीबार होऊन माणसे मेली होती. तेव्हा आम्ही बेळगावला कॉलेजात होतो. वर्तमानपत्रे वाचून हळहळलो होतो. पुढे हाती लेखणी आली तेव्हा ती हळहळ आम्हांला आठवू नये, याचे आजही नवल वाटते.

हे सारे त्यांना सांगितले. ते थोडा वेळ तरंग्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कागदावर आमचे शेत पुष्कळ वर्षे भिजले, साहेब्र." एवढेच. राग नव्हता, आणि क्षमाही केल्यासारखी वाटली नाही. थोड्या वेळाने त्यांनी आपली काठी उचलून दोन हात पलीकडे सरकवली आणि दाराच्या कोपऱ्यातली अर्धी जागा आमच्या गळासाठी मोकळी केली. नियमात बसत नव्हते. भाच्याने पाहून न पाहिल्यासारखे केले.

शेवटच्या शिट्टीपर्यंत आम्हांला एक मृगळ आणि दोन चिलापी लाभल्या. वजन सव्वा किलो भरले. यजमानांचे साडेसहा किलो. टॉवेल त्यांनी लगेच डोक्याला गुंडाळला. मासे सोडायचे म्हणताच मात्र पंचाईत झाली. "सोडायचेच तर धरले कशाला?" या त्यांच्या प्रश्नापुढे इंग्लंडचे नियम निरुत्तर झाले. शेवटी रोहू, कटला, मृगळ पाण्यात आणि चिलापी कालवणात, असा तह झाला. गंमत अशी, की यांतला एकही त्या पाण्याचा मूळ रहिवासी नव्हे. रोहू-कटला गंगेकडचे, चिलापी १९५२ साली देशात आणलेली आफ्रिकेची. सगळे बाहेरून आले आणि इथल्या पाण्याचे होऊन राहिले. मूळचा खडस मासा त्या दिवशी कोणालाच दिसला नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या पणजोबांनी परमुलखात बिऱ्हाड थाटले, त्यांना यात नवल वाटणार नाही. आडोसा कोठे आहे हे शेजाऱ्याला विचारून शिकावे लागते, हे त्यांच्या घरांत आम्हांआधीच ठाऊक असेल.

निघताना यजमानांनी आमचा दूरध्वनी क्रमांक नातवाकडून लिहून घेतला. कणकुंबीच्या कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेत वळवण्याचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. २०१८ साली लवादाने कळसा-बंडुरीसाठी ३.९ टीएमसी पाणी मंजूर केले, तरी प्रश्न सुटलेला नाही. आमच्याकडची माणसे रान आणि झरे आटतील म्हणून धास्तावलेली, त्यांच्याकडची पाण्यासाठी वर्षानुवर्षे धरण्यावर बसलेली. त्यावर आम्ही दोघे एक अक्षर बोललो नाही. पण पूर्वी या वादात आमचे मत तत्काळ तयार असे. आता कोणी विचारले, की आधी ते घोंगडे पांघरलेले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात.

यंदा मृग लागून आठवडा झाला नाही तोच फोन वाजला. पलीकडून नातवाने फोन आजोबांच्या हाती दिला. ख्यालीखुशाली नाही, नमस्कार नाही, एकच शब्द आला, "मळे?" बाहेर पागोळ्या लागल्या होत्या. आम्ही छत्री घेऊन हब्बनहट्टीला गेलो, पाणी पाहिले आणि परत येऊन कळवले, "मारुतीच्या पायांशी पोचले आहे, यजमान. आठवडाभरात देव बुडेल."

खात्यातल्या इतक्या वर्षांत पाण्याविषयी अनेक अहवाल पाठवले. जागेवर जाऊन, पाहून पाठवलेला बहुधा हा पहिलाच.