पेटी कुणाची?

ऑफिसात माझ्या टेबलावर एक हिरवा बिल्ला आहे, त्यावर पांढरं फुलीचं चिन्ह. म्हणजे आमच्या मजल्यावर कुणाला काही झालं तर पहिली धाव माझ्याकडे घ्यायची. (घरच्यांनो, हसू नका.) प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालंय माझं. एसी हॉल, रबरी बाहुला, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसे. त्यानंतरच्या पाच वर्षांत या बिल्ल्याच्या खात्यावर तीन डोकेदुख्या आणि कागदाने कापलेलं एक बोट जमा आहे. पँट्रीतली पेटी अजून कोरी करकरीत आहे.

गेल्या जानेवारीत तात्यांच्या उसाला तोड आली म्हणून गावी गेलो होतो. टोळी बीडकडची. फडाच्या कडेला कोप्या, पहाटेच्या चुली, वाढ्यांचे भारे, बैलांच्या घंटा. लहानपणापासून बघत आलोय. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात, हेही तेव्हापासून माहीत. माणसांची मोजदाद हत्याराने होते याचं कधी काही वाटलं नव्हतं.

सकाळी सातचा सुमार असेल. पाल्यावर दव होतं, मुठी ओल्या. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हाताने बुडख्याशी कोयता मारायचा, अशी ती चाल. खाली पाचट, त्यात आपलाच पाय दिसत नाही. एका बाईचा कोयता निसटून डाव्या नडगीवर उतरला.

पुढची दोन-तीन मिनिटं मला अजून आठवतात, आणि ती आठवायला आवडत नाहीत. एक म्हातारा तंबाखू मळून तयार, जखमेत भरायला. मुकादम सुतळी घेऊन आला, गुडघ्याखाली आवळायला. आणि मी, बिल्लेवाला, उभा. तिच्या जावेने डोक्याचं फडकं सोडलं, घडी केली आणि जखमेवर दाबून बसली. तेव्हा कुठे मी खाली बसलो. "दाबून धरा, सोडू नका," म्हणालो आणि रक्त थांबलं का ते बघायला स्वतःच तीनदा फडकं उचललं! एकदा दाबलं की दहा मिनिटं उघडून बघायचं नाही, भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं, हे मला बाहुल्यावर पाठ होतं. बाहुल्याला रक्त येत नाही.

तात्यांच्या जीपमधून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. सात टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. परत येताना तिने पायाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच, "दादा, आजचा खाडा धरतेल का?" उचल घेतलेली असते, चुकलेला दिवस अंगावर चढतो. चौथ्या दिवशी ती पायाला फडकं गुंडाळून मोळ्या बांधताना दिसली.

पुण्याला येऊन मी जरा वाचलं. १९४८च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं की दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी हवी आणि ती प्रशिक्षित माणसाच्या ताब्यात हवी. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत ही पेटी असते. ऊस मात्र फाटकाबाहेर तुटतो, आणि तोडणारा मुकादमाचा माणूस. हजेरीपट जिथे आहे तिथे पेटी, आणि कोयता जिथे आहे तिथे तंबाखू.

मग उत्साहाने एक मोठी पेटी विकत घेतली आणि पुढच्या शनिवारी कोप्यांवर गेलो. संध्याकाळी सगळ्यांना बसवून 'प्रशिक्षण' सुरू केलं. पहिल्या पाच मिनिटांतच तिने पेटी उपसली. "कापूस नगं दादा, जखमंला चिकटतो. तिथं उखडून काढतानी जीव जातो." खरंच आहे, तिथे गॉज हवं. थर्मामीटर बाजूला गेला. राहिलं ते असं: गॉजच्या घड्या, रुंद पट्ट्या, कात्री, हातमोजे, साबण, टॉर्च आणि उन्हासाठी मीठ-साखरेच्या पुड्या.

मग सापाचा विषय निघाला, आणि तिथे सगळे पुढे सरकले. काय करायचं नाही तेच आधी सांगितलं. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, साप शोधत बसायचं नाही. जोडवी, पैंजण, बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज येते. पाय हलू द्यायचा नाही. फळी कुठून आणणार? उसाची दोन कांडी दोन बाजूंना, वरून ओढणी. माणसाला चालवायचं नाही. मोटारसायकल असेल तर दोघांच्या मध्ये बसवून थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर लस एकच आहे, आणि ती मांत्रिकाकडे नसते.

"१०८ला फोन करा," असं मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो. जाऊबाई म्हणाल्या, "करू, पण आमी हायेत कुठं ते काय सांगावं?" मी गप्प. ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण टोळीचा फड आठवड्याला बदलतो, आणि गावाचं नावही सगळ्यांना ठाऊक नसतं. शेवटी पेटीच्या झाकणावर आतून काळा रंग मारला. फड बदलला की गाव, शेतमालक, जवळचा पाट किंवा देऊळ आणि एक फोन नंबर खडूने लिहायचं. लिहायचं काम शाळा सुटलेल्या एका पोरीकडे आहे.

पेटी जाऊबाईंच्या ताब्यात दिली, मुकादमाच्या नाही. जखमेपाशी पहिली पोचते तीच प्रशिक्षित असायला हवी, बाकी सगळं मागून. आणि मुकादमाशी बोलून तात्यांनी एवढं कबूल करवून घेतलं की टाके पडले तर तीन दिवस खाडा नाही. एका टोळीपुरतं, एका हंगामापुरतं. फार नाही. पण खाड्याच्या भीतीने माणूस जखम लपवणार असेल, तर पेटी भरलेली असून काय उपयोग?

मार्चमध्ये चुलत भावाचा फोन आला. गाडीच्या जूखाली एकाचं बोट चेंगरलं, जाऊबाईंनी दहा मिनिटं दाबून धरलं, कुणाला उघडू दिलं नाही. गॉज संपलंय, पाठव.

निघताना मी तिला माझा बिल्ला देऊ केला होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "पाल्यात अडकंल ह्यो."

असो. तो अजून माझ्याच टेबलावर आहे.