तीन, दोन, एक

लिनक्सच्या पडद्यामागे, एक्स नावाच्या प्रणालीत, माऊसच्या बटनांना नावं नसतात, आकडे असतात. डावं बटन १, मधलं २, उजवं ३. चाक पुढे फिरवलं की यंत्र समजतं, ४ नंबरचं बटन दाबलं; मागे फिरवलं की ५. चाक फार उशिरा आलं, तोवर हिशेब बटनांचा ठरून गेला होता, म्हणून तेही बटनांच्या ओळीत जाऊन बसलं. मला हे फार आवडतं. आपल्या बोटाखाली जे घडतं त्याची इतकी सरळ नोंद कुणीतरी ठेवलेली आहे आणि ती कुणालाही वाचता येते. टर्मिनल उघडायचं, ‘एक्सइनपुट टेस्ट’ लिहून पुढे माऊसचा क्रमांक द्यायचा आणि बटन दाबायचं. ओळ उमटते: बटन दाबलं, १. बोट उचललं की दुसरी: बटन सुटलं, १. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असताना मी त्या ओळी नुसत्या बघत बसतो.

हे आकडे घरात कामाला आले ते आत्यामुळे. आत्या डावखुरी. शाळेत तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली गेली आणि ते वळण कायमचं पडलं. लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने. पण आडोळीवर भाजी चिरताना, पेटीत पेंढ्याच्या थरावर हापूस लावताना तिचा डावा हात जो चालतो, तो बघत राहावा असा. कलमांचा हिशेब तिच्याकडे असतो: फवारणी, राखणदाराची मजुरी, वाशीला गेलेल्या पेट्या. वही भरली, पुढची संगणकावर लिहायची असं तिनेच ठरवलं. आमच्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स आहे, त्यात लिब्रेऑफिस. अडचण एवढीच, की माऊस धरला की पेन्सिल ठेवावी लागे आणि पेन्सिल धरली की माऊस सुटे. दोन्ही एकाच हाताची कामं झाली होती.

माऊसच्या जन्माच्या वेळी असं नव्हतं. डग्लस एंगेलबर्ट यांच्या कल्पनेतला पहिला माऊस बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडाचा बनवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबर्ट यांनी तो जगासमोर आणला, तेव्हा त्यांचा उजवा हात माऊसवर होता आणि डावा पाच कळांच्या एका छोट्या पेटीवर. डावा हात रिकामा बसलेला नव्हता. पुढे ती पेटी मागे पडली आणि माऊस तेवढा उरला, उजवीकडे.

लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्सच्या मंडळींनी मात्र हाताचा विचार सोडला नाही. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या याच एक्स विंडो प्रणालीची अकरावी आवृत्ती १९८७ ची. बटनांचा क्रम बदलण्याची विनंती त्या आवृत्तीच्या मूळ नियमांतच आहे. म्हणजे ही सोय नंतर कुणाच्या तक्रारीवरून चिकटवलेली नाही. १ २ ३ च्या जागी ३ २ १ एवढं सांगितलं की डाव्या हाताची तर्जनी मुख्य बटनावर येते.

सेटिंगच्या खिडकीतूनही हे होतं, पण मी फाईल लिहिली. ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरमध्ये चार-सहा ओळींची. त्यात माऊसचं नाव घालता येतं आणि त्या नावाच्या माऊसलाच नियम लागू होतो. म्हणून आमच्या टेबलावर आता दोन माऊस आहेत, डावीकडे आत्याचा, उजवीकडे माझा. बाण एकच, बटनांचे क्रम वेगळे. आत्याने उजव्या हातात पेन्सिल धरली, डाव्याने पहिला क्लिक केला आणि म्हणाली, “अरे, आता हात मोकळा झाला माझा!” एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँड नावाच्या नव्या व्यवस्थेत ही फाईल चालत नाही, तिथे सेटिंगच्या खिडकीत जावं लागतं. सोय तिथेही आहे.

आमच्या रत्नागिरीत माऊसला आणखी एक दुखणं होतं. इथल्या खाऱ्या, दमट हवेत खिडकीचे गज गंजतात, मग बटनाखालच्या इवल्याशा पत्र्याचं काय! पत्रा नीट टेकत नाही, थरथरतो आणि एका दाबाचे दोन क्लिक होतात. एका रकान्यात जायचं तर भलतीच फाईल उघडते. यावरही विचार झालेला आहे. लिबइनपुट नावाचा भाग दोन दाबांमधलं अंतर बघतो. माणसाच्या बोटाला शक्यच नाही इतक्या थोड्या मिलिसेकंदांत दुसरा दाब आला, तर तो पत्र्याचा समजून गाळतो. बोटाला किती वेग शक्य आहे, हे कुणीतरी बसून मोजलं असेल, या विचाराने मला त्या अनोळखी माणसाबद्दल माया वाटते.

शाळांच्या संगणक-खोल्यांत मी पाहिलेले माऊस कीबोर्डच्या उजवीकडेच मांडलेले असतात. शिक्षकांना एक विनंती आहे. एखादं मूल डाव्या हाताने चेंडू फेकत असेल, तर त्याचा माऊस उचलून डावीकडे ठेवा, बटनं बदलून द्या आणि पुढच्या तासालाही ती तशीच आहेत ना, हे बघा. लिनक्स असो की विंडोज, ही सोय दोन्हीकडे आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.