इतर साहित्य

दिवाळी अंकात असे शीर्षक पाहून रसिक वाचक काही निराळी अपेक्षा करतील. म्हणून आधीच सांगून टाकतो, की हे साहित्य मोटारीच्या बिलातले आहे. किंमत रुपये 250, कर निराळा.

भाव करायला आपल्याकडे कोणी लाजत नाही. डहाणूच्या बाजारात बोंबलाच्या वाट्यावरून दहा दहा मिनिटे हुज्जत घालणारा गृहस्थ मी नेहमी पाहतो, आणि पुष्कळदा तो गृहस्थ मीच असतो. "न्यायचं तर ने बाबा, नाहीतर वाट सोड," असे मावशी म्हणतात. त्या भांडणात कोणाचाच अपमान होत नाही. पण तोच गृहस्थ गारेगार कचेरीत छापील बिलापुढे उभा राहिला, की गरीब गाय होतो. छापलेल्या अक्षराला 'का?' म्हणून विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटते.

माझी मोटार वर्षातून एकदा कंपनीच्या अधिकृत केंद्रात जाते. डहाणूहून चारोटीला यायचे, तिथून महामार्ग धरून तलासरी, मग आच्छाडचा नाका, आणि पुढे गुजरात. गेल्या खेपेस मी काम लिहून दिले ते तीन ओळींचे: ऑइल बदलणे, ऑइल फिल्टर बदलणे, ब्रेक तपासणे. संध्याकाळी हाती पडलेल्या बिलात ओळी होत्या सात. इंजिन फ्लश 650, एसीचे निर्जंतुकीकरण 1,150, थ्रॉटलची सफाई 900, आणि 'इतर साहित्य' 250. वर 18 टक्के कर. न सांगितलेल्या कामांचे एकूण रुपये 3,481.

"हे करायला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"सर, सगळ्याच गाड्यांना करतो," खिडकीमागचा मुलगा म्हणाला.

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका मी त्याच्यापुढे उघडली. तिच्यातल्या कोष्टकात या चारांपैकी एकाचेही नाव नव्हते. मुलगा गोड हसला. "सर, एवढी मोठी गाडी घेतलीत, आणि तीन हजारांसाठी..."

वाक्य त्याने मुद्दामच अर्धे सोडले. सारे कौशल्य त्या सोडलेल्या अर्ध्यात आहे. गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालण्यापेक्षा त्याच्या प्रतिष्ठेला हात घातला, की पैसे लवकर बाहेर येतात. मोटारीची किल्ली त्यांच्यापाशी होती. मी पैसे भरले. पण बिलाच्या त्यांच्या प्रतीवर 'हरकत नोंदवून पैसे दिले' असे लिहून खाली सही आणि तारीख घातली. मुलाचे हसू तेवढे मावळले.

परतीच्या वाटेवर, तलासरीच्या नाक्यावर एक गॅरेजवाला आहे. त्याच्याकडे बिलबुक नाही. पण काढलेला भाग तो पत्र्याच्या थाळीत घालून पुढे ठेवतो, "बघा शेठ, हा झिजला," म्हणतो, आणि मगच पैशांची गोष्ट काढतो. अशा कारागिरांना सुटे भाग मोकळेपणी मिळू देत नाहीत, म्हणून 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेले. पण थाळीवाल्याची बाजू कोणीतरी ऐकली, एवढे खरे.

याच तालुक्यात झरी गाव आहे. 1945 च्या मे महिन्यात हजारो वारली तिथे जमले. वेठबिगार करायची नाही, दिवसाला 12 आण्यांखाली मजुरीला जायचे नाही, असे त्यांनी ठरविले. त्यांच्या भोगाशी माझ्या बिलाची तुलना करण्याइतका मी निर्लज्ज नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी वाटते: कागद दुसऱ्याच्या हातचा असला, तरी आकडा आपल्यालाही उच्चारता येतो.

तो उच्चारण्याची सोय आता कायद्यानेही केली आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. दुकान राज्याच्या सीमेपलीकडे आहे, ही सबब त्यामुळे संपली. हे सारे एका पत्रात लिहून, कामाच्या पावतीची आणि पुस्तिकेतल्या कोष्टकाची नक्कल जोडून, मी ते रजिस्टर टपालाने धाडले. 19 दिवसांनी माझ्या खात्यात 3,186 रुपये जमा झाले. सोबत दिलगिरीचा शब्द नाही, खुलासाही नाही.

राहिले 295. म्हणजे 'इतर साहित्य', करासह.

त्यासाठी मी दुसरे पत्र लिहिले आहे. तिकिटांचेच पैसे जास्त होतील, असे घरची मंडळी म्हणतात. होईनात! पैसे परत करा, असे मी या खेपेला लिहिलेलेच नाही. ते साहित्य नेमके काय होते, एवढेच कळवा, असे लिहिले आहे. उत्तर अजून यायचे आहे. साहित्याची व्याख्या करणे थोरामोठ्या पंडितांनाही साधलेले नाही, हे मी जाणतो. पण जो तिचे 250 रुपये आकारतो, त्याने निदान प्रयत्न करायला काय हरकत आहे?